आत्याबाईंचा चालायचा हौद

आमच्या शेतातल्या घरी पोहायचा हौद होता. बीड जिल्ह्यातल्या माणसानं हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग डोळे बारीक करून बघतो. हसण्याचा अर्थ 'थापा मारतेय', आणि बघण्याचा अर्थ 'कुणाच्या वाट्याचं पाणी वळवलं असेल'. मी या दोन्हींना पुरून उरले आहे. आम्ही तो हौद भर दुष्काळात राखला, गावाच्या पाण्यातला एक तांब्याही न घेता राखला, आणि राखणारी मी होते. मला त्याचा अभिमान आहे. उगाच नम्रपणा करायचा असता तर मी दुसऱ्या कशावर लिहिलं असतं.

आधी माझं काम सांगते. मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. साखरेची तपासणी करायला तिथे बरेच पुरुष होते. माझ्याकडे बॉयलरचं पाणी होतं. आपल्या न्हाणीतल्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच तो जड पाण्यानं बॉयलरच्या नळ्यांना धरतो. थर वाढला की नळी फुटते, गाळप थांबतं आणि सभासदांचा ऊस फडात वाळत बसतो. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड की त्यात तूरडाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाताखाली येते. अशा पाण्यातला कॅल्शियम मोजायचा आणि आटोक्यात ठेवायचा, हे माझं काम. फिटर लोक मला 'पाण्याची बाई' म्हणायचे. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे. पुढे नळीतून जरा वेगळा आवाज आला तरी तेच लोक मला बोलवायला यायचे.

हौद बांधला माझ्या धाकट्या दिरांनी. त्यांना राजकारणाचा नाद होता. पावसाळे बरे चालले होते, विहीर काठोकाठ होती, आणि पुण्याकडच्या कुठल्याशा पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर ते एक रात्र राहून आले होते. परत आले ते डोक्यात हौद घेऊनच. एका टोकाला उतरायच्या पायऱ्या, निळ्या फरश्या, पाणी गाळायला वाळूचा फिल्टर आणि तळाशी शेताकडे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह असा सगळा थाट केला. उद्घाटनाला पाहुणे बोलावले आणि पाण्यात उतरले कुणीच नाही, कारण आमच्या घरात पोहता येणारा माणूसच नव्हता. माझे सासरे, म्हणजे मामा, काठावर उभे राहून म्हणाले, "म्हशी डुंबायला लई झ्याक झालंय." घाटनांदूरच्या बाजारापर्यंत ते बोलणं पोचलं. लोक दिरांना भेटले की पाण्याचं न विचारता म्हशींची खुशाली विचारायचे.

माझ्या सासूबाई, आत्याबाई, या हौदावर नाराज होत्या. त्या गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. ही संस्था त्यांनी घरोघर फिरून, सासवांशी भांडून, सुनांना घराबाहेर काढून उभी केली होती. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर त्या स्वतः उभ्या राहायच्या. कुणाच्या दुधात पाणी आहे हे त्यांना किटली उचलताना कळायचं, आणि त्या ते सगळ्यांसमोर बोलायच्या. गाव त्यांना भ्यायचं. मीही भ्यायचे, पण ते माझं वय लहान होतं तोपर्यंत.

ज्या वर्षी पाऊस आला नाही, त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास केंद्रावर सांडलेल्या दुधावरून आत्याबाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "यांना छातीइतक्या पाण्यात चालवता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पाण्यात शरीर हलकं होतं, पायावर भार येत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोज चालल्या असत्या तर काठीसुद्धा लागली नसती. पण तुमच्याकडे असं पाणी कुठलं?"

मामांनी छाती पुढे काढली. "हाय की आमच्या घरी. फरशीचा हौद हाय." त्या हौदाचा घरातल्या माणसानं मान ताठ ठेवून केलेला तो पहिला उल्लेख.

आत्याबाई मात्र खाटेवरून म्हणाल्या, "गावात बायका टँकरची वाट बघत उन्हात बसणार, अन् मी पाण्यात फिरायला जाऊ व्हय? शोभतंय का ते?"

दोन दिवस त्यांनी विचार केला. मग मला जवळ बोलावून त्यांनी अट सांगितली. हौदात आदल्या वर्षीचं जे पाणी आहे, तेवढंच. विहिरीत उरलेलं पाणी गाव नेईल. हौदासाठी विहिरीला मोटार लागणार नाही, टँकर तर दारातही येणार नाही. "हौदाला नवं पाणी लागलं, त्या दिवशी माझं चालणं बंद. मग मी जलमभर खाटंवर बसंन, पर तोंड वर करून बसंन."

म्हणजे आत्याबाई पायावर उभ्या राहतील की नाही, हे आता एका हौदातल्या जुन्या पाण्यावर होतं. ते पाणी पावसाळ्यापर्यंत टिकवायचं, वापरण्याजोगं ठेवायचं, आणि बदलायचं मात्र नाही.

पहिल्या दिवशी त्या नेहमीचं लुगडं नेसून उतरल्या. लुगडं फुगून वर आलं आणि त्यांचा चेहरा दिसेना. त्या आतून शिव्या देत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मामांचा लेंगा आणि माझा जुना कुडता असा पोशाख ठरला. हौदाच्या दोन्ही बाजूंनी बैलांचे कासरे ताणून बांधले. ते धरून आत्याबाई चालायच्या आणि मी पाठीमागून. थंडी संपेस्तोवर त्यांनी एक कासरा सोडला. गावातल्या बायका आधी काठावर येऊन तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढे त्याच बायका चेअरमनबाईंनी आज हात सोडला का, हे बघायला यायच्या.

शिमगा झाला, ऊन तापलं, आणि पाणी बिघडायला लागलं. आधी फरशीवर पांढरी रेघ उमटली. मग पायऱ्यांवर खरखरीत थर चढला. पाणी गढूळ दुधासारखं दिसायला लागलं आणि फिल्टरमधली वाळू दगडासारखी धरली. एके सकाळी आत्याबाई हौदातून वर आल्या तेव्हा त्यांच्या तळव्यांतून रक्त येत होतं. पायऱ्या कानशीसारख्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना त्यांनी सोडलेला कासरा परत धरला. पाय कुठे टेकवायचा याची त्यांना भीती वाटायला लागली होती. मला त्या रक्तापेक्षा या गोष्टीनं जास्त वाईट वाटलं.

दीर म्हणाले, "वहिनी, सगळं पाणी सोडून द्या. माझ्या ओळखीचा टँकरवाला हाय, रातीतून भरून देतो. कुणाला पत्ता लागणार न्हाई."

"मला लागंल की पत्ता," आत्याबाई म्हणाल्या. "बंद करा ते चालणं. झालं तेवढं बास."

मी म्हणाले, "आत्याबाई, मला थोडी मुदत द्या." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागितलं होतं. "घे," म्हणाल्या.

त्या वर्षी ऊसच नसल्यामुळे कारखान्याचं धुराडं थंड होतं. आम्ही कामावर जाऊन बसायचो आणि चहा पिऊन परत यायचो. मी साहेबांना विचारून तपासणीचं साहित्य घरी आणलं आणि ओसरीवर मांडलं. पाण्याच्या नमुन्यात चिमूटभर रंग टाकला की जड पाणी लालसर जांभळं होतं. मग वरच्या काचेच्या नळीतून औषध थेंबाथेंबानं सोडत जायचं. ज्या थेंबाला पाणी निळं होतं, तिथे थांबायचं. जितकं औषध जास्त, तितकं पाणी जड. त्या पहिल्या तपासणीला घरातले सगळे भोवती बसले होते. औषध पडत राहिलं, पडत राहिलं, आणि निळं काही होईना. मामा म्हणाले, "रंगच खराब हाय तुझा." रंग चांगला होता. हौदातलं पाणी आमच्या विहिरीपेक्षाही कितीतरी जड झालं होतं.

थोडं जड होणार हे मला माहीत होतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात, काढा आटत जातो तसं. पण नुसत्या उन्हानं इतकं वाढणार नव्हतं. कुठून तरी कॅल्शियम रोज आत येत होता. मी घरभर बघत फिरले आणि गोठ्याच्या कोनाड्यात मला टीसीएलचं, म्हणजे जंतू मारायच्या ब्लीचिंग पावडरचं, अर्धं रिकामं पोतं सापडलं.

आमच्याकडे टीसीएल पावडर काय आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. टँकर आला की विहिरीत टाकतात, आडात टाकतात, साथ आली की गटारीत टाकतात. पाणी दिसलं की त्यात पावडर टाकायची, हे आमच्या हाताला वळणच पडलेलं. दुष्काळ पाहिलेल्या प्रत्येक माणसाची ती श्रद्धा आहे. मी हौदासाठी अगदी बेतानं, चमच्यानं मोजून ती टाकत होते. विचारलं तेव्हा कळलं, मामा मात्र रोज संध्याकाळी माझ्या माघारी ओंजळीनं टाकत होते.

"मामा, ह्या पावडरीत चुना असतो. म्हणजे कॅल्शियमच. तुम्ही रोज ओंजळ भरून कॅल्शियम टाकताय."

मामांचा चेहरा उजळला. "मग चांगलंच की. डाक्टरनं तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. हाडाला लागतंय ते. वरून गोळी, खालून पाणी."

माणूस रोज गुपचूप बायकोचं हाड जोडायला जात होता. आत्याबाई आतून ऐकत होत्या. "पन्नास वर्सं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "पयल्यांदा काळजी केली, ती बी ओंजळीनं." मामा गोठ्यात निघून गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं नव्हतं.

मग मी कारखान्यात बॉयलरसाठी करायचे तेच घरी केलं. पावडर बंद केली आणि पाणी निर्जंतुक ठेवायला पातळ क्लोरीन आणलं, त्यात चुना नसतो. हिशोब करून धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून हौदभर फिरवला. सोडा कॅल्शियमला धरतो आणि त्याचा पांढरा गाळ होऊन खाली बसतो. पहिल्या दिवशी सगळं पाणी पीठ कालवलेल्या पाण्यासारखं झालं. दीर बघून गेले आणि म्हणाले, "वहिनींनी हौदाचं ताक केलं." दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा तळाच्या निळ्या फरशांचे सांधे वरून मोजता येत होते, आणि त्यांच्यावर पातळ पांढरा चिखल शांत बसला होता. आम्ही तो नळीनं ओढून चार पदरी लुगड्यातून गाळला. गाळ शेतात टाकला आणि निथळलेलं पाणी परत हौदात ओतलं, थेंब वाया घालवला नाही. सोड्यानं आलेली अल्कधर्मिता थोडं अ‍ॅसिड देऊन मोडली. दूध संस्थेत मुरघासाचे मोठे प्लास्टिकचे कागद रिकामे पडले होते, कारण मुरवायला चाराच नव्हता. ते जोडून हौदावर झाकण केलं, म्हणजे ऊन पाणी पिणार नाही. पायऱ्यांवरचा थर काढायचं काम मामांनी स्वतःहून घेतलं. ते पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून आंघोळीच्या वजरीच्या दगडानं पायऱ्या घासायचे आणि श्वास रोखून प्रत्येक पायरीवर स्वतःचा गाल टेकवून बघायचे, बायकोच्या तळव्याला टोचेल का म्हणून.

तपासणी आता रोजचा खेळ झाला होता. नमुना पहिल्यापेक्षा लवकर निळा व्हायला लागला. दिरांना चव लागली. "वहिनी, सगळंच काढून टाका की कॅल्शियम. एकदम हलकं करा पाणी."

"तसं करायचं नसतं, भाऊजी," मी म्हणाले. "अगदी हलकं पाणी उपाशी असतं. त्याला कॅल्शियम मिळाला नाही की ते तुमच्या हौदाचं सिमेंट खातं." पाणी भिंत खातं यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पण आत्याबाईंचा बसला. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "उपाशी जनावर बी दावं खातंय." मी वरती एक रेघ ठरवली आणि खाली एक, आणि पाणी त्या दोन रेघांच्या मधे ठेवलं. हे वाचायला सोपं वाटतं. बीडच्या उन्हाळ्यात, एकही घागर न बदलता करून दाखवा, मग बोलू.

आत्याबाईंनी पहिला कासरा परत सोडला. मग दुसरा सोडला. चैत्र संपता संपता त्या पाण्यात नुसते हात पसरून चालायला लागल्या. बाहेर अजून वॉकर लागत होता, कधी काठीवर भागायचं. पण पाऊल सरळ पडत होतं. मी पाठीमागून बघायचे आणि मनात म्हणायचे, पावसाळ्यापर्यंत फक्त. एवढे दोन महिने मिळू देत.

वैशाखात विहिरीनं तळ दाखवला. गावाला टँकर येत होता, पण तो माणसांपुरता. माणसानं स्वतःच्या वाट्यातलं गुरांना पाजायचं, असं चाललं होतं. दूध संस्थेच्या बायका आमच्या अंगणात येऊन बसल्या. मग एकीनं सांगितलं की रविवारी बाजारात गाय न्यायची ठरवलीय. दुसरी म्हणाली, तिनंही. आत्याबाईंनी ज्या गाईंवर संस्था उभी केली होती, त्या एकेक करून कसायाच्या दारात जाणार होत्या.

बायका गेल्यावर आत्याबाईंनी मला विचारलं, "ह्या हौदाच्या पाण्यावर जनावर जगंल का?"

मला प्रश्न कळला. मी 'नाही' म्हणाले असते तर त्यांनी माझा शब्द मानला असता आणि पावसाळ्यापर्यंत त्या चालत राहिल्या असत्या. पाण्याच्या बाबतीत त्या घरात माझ्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. मी म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंत सांगितलंय. अजून पाय भरलेला नाही. आत्ता थांबलात तर तो असाच राहील."

"ते मी इचारलं न्हाई. पाणी कसं हाय?"

मी क्लोरीन बंद केलं, झाकण काढलं, आणि पाणी उन्हात उघडं ठेवलं, वास उडेपर्यंत. मग ओसरीवर बसून तपासलं. पाणी लाल झालं, थेंब पडत गेले, आणि जिथे आमच्या विहिरीचं पाणी निळं व्हायचं, त्याच खुणेवर हौदाचं पाणी निळं झालं. दुष्काळाच्या तोंडी, एवढ्या उन्हात, आम्ही रोज आत उतरत असताना, ते पाणी मी विहिरीच्या पाण्याइतकं राखलं होतं. माझ्या नोकरीत मी यापेक्षा चांगलं काम केलं नाही. तेच पाणी आता मीच आत्याबाईंच्या पायाखालून काढून देणार होते.

"जगंल," मी म्हणाले.

शेताकडच्या व्हॉल्व्हखाली गाईंसाठी गव्हाणीसारखी लांब कुंडी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका गाई घेऊन आल्या. मामा व्हॉल्व्हकडे निघाले तसं आत्याबाईंनी त्यांना थांबवलं. वॉकर भिंतीला लावला. काठी माझ्या हातात दिली. "कुणी धरू नका मला," म्हणाल्या, आणि ओसरीवरून उतरून अंगण ओलांडून हौदाच्या कडेनं त्या चालत गेल्या. पाण्यात चालताना पसरायच्या तसेच हात पसरले होते. मी मागून चालले होते, माझे हातही पसरलेले होते. त्यांनी वाकून व्हॉल्व्ह स्वतः फिरवला. पाणी कुंडीत पडलं, आणि पहिल्या गाईनं वास घेऊन तोंड घातलं. ती पीतच राहिली. त्या रविवारी आमच्या गावातून एकही गाय बाजारात गेली नाही.

हौद पाऊस येईपर्यंत पुरला, जेमतेम. आत्याबाईंचा पाय मात्र पूर्ण भरला नाही. त्या चालायच्या, केंद्रावर उभ्या राहायच्या, संस्थेच्या सभेला व्यासपीठावर चढायच्या, पण डाव्या पायानं लंगडत. श्रावणात त्यांना अंबाजोगाईला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी त्यांना इकडून तिकडे चालवून पाहिलं आणि त्यांच्या भुवया आक्रसल्या. "मधेच व्यायाम सोडलात ना? पाण्यात चालणं का बंद केलं?"

"पाणी गाई पेल्या," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, त्यांना ती थट्टा वाटली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "ही आमची सून. हिनं पाणी राखलं म्हणून मी एवढं तरी चालले, अन् गाई जगल्या. लंगडं ऱ्हायलं ते माझं मी ठेवलंय."